गार पाण्यातले रावसाहेब

घरात घोडे येणार म्हटल्यावर उस्तादच्या बायकोने पहिली काळजी केली ती लिदीची. "ती कोण काढणार? मी नाही हं, आत्ताच सांगून ठेवते," असं म्हणून ती मोकळी झाली. सूनबाई पोट धरधरून हसली आणि मग तिने टेम्पोतून उतरवलेली काचेची टाकी दाखवली. हे घोडे समुद्रातले होते, पाण्यात ताठ उभे राहणारे, वीतभरसुद्धा नसलेले, आणि होते फक्त दोन. बायको टोमणा मारायच्या तयारीतच वाकली होती, पण त्या दोघांपैकी एकाने एक डोळा तिच्याकडे फिरवला आणि त्याच वेळी दुसरा डोळा छताकडे. बाईचं तोंड उघडंच राहिलं.

टाकी सूनबाईच्या माहेरची होती. तिचे वडील, अप्पा, यांनी ती जन्मभर सांभाळली. अप्पा गेले, माहेरचं घर आवरायला काढलं, तेव्हा सूनबाईने दुसरं काहीही मागितलं नाही. ही टाकी आणि ही जोडी, बस्स. घोडे ठेवलेली झाकणाची बादली मांडीवर घेऊन ती सगळा रस्ता ड्रायव्हरशेजारी बसून आली, आणि खड्डा आला की त्या बिचाऱ्याला असं काही ऐकवायची की तो घामाघूम झाला. वडिलांबद्दल ती फारशी बोलत नसे. टाकीबद्दल मात्र विचारा, मग बघा.

तर हा उस्ताद म्हणजे तिचा सासरा. फ्रिजचा मेकॅनिक. आयुष्य गारव्यात गेलं त्याचं. कॉम्प्रेसरच्या नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखायचा, आणि याचा त्याला भारी गर्व होता. होता म्हणजे काय, घरी आलेल्या पाहुण्यांनाही पाणी देण्याआधी त्यांच्या फ्रिजची तब्येत विचारायचा. समुद्राशी मात्र त्याचा काडीचा संबंध नव्हता. पोहता येत नव्हतं, मासा ताटात असला तरी काटे बायकोने काढून द्यायचे. त्याच्या मते समुद्र म्हणजे एक फार मोठी खारट जागा, जिथे फ्रिज लवकर गंजतात.

हे घोडे गार पाण्यातले आहेत, पाणी अठरा अंशांच्या वर गेलेलं त्यांना सोसत नाही, असं सूनबाईने सांगितलं तेव्हा मात्र त्याने कान टवकारले. टाकीखाली पाणी गार करणारं एक छोटं यंत्र होतं, चिलर म्हणायचे त्याला. म्हणजे हा तर आपल्याच जातीचा धंदा! तो पालथा झोपून चिलरची पाहणी करायला लागला, आणि उठता उठता त्याची नजर टाकीत गेली. ती तिथेच अडकली.

नराला घरात रावसाहेब म्हणायचे आणि मादीला बाईसाहेब. रावसाहेब दिवसभर एकाच कोपऱ्यात, हिरव्या गवताच्या एका पातीला शेपटीचा वेढा घालून बसलेले. डोक्यावर काट्यांचा मुकुट, पोटावर पिशवी. अंगावर कड्यांमागून कडी, एखाद्या कसलेल्या लोहाराने जोडावीत तशी, कुठेही झाळ दिसत नाही. पाठीवर इवलासा पंखा, तो इतका भरभर फिरायचा की नुसती थरथर दिसे. उस्तादने आजवर शेकडो पंखे दुरुस्त केले होते. असा बिनआवाजाचा पंखा त्याने बघितला नव्हता.

"ती पिशवी कसली?" त्याने विचारलं.

"अंडी बाईसाहेब देतात आणि ती रावसाहेबांच्या पिशवीत ठेवतात. पिल्लं तेच पोटात वाढवतात, जन्मही तेच देतात."

"म्हणजे बाळंतपण त्याचं?" बायको स्वयंपाकघरातून बाहेरच आली. "बघा, बघा जरा! शिका काहीतरी!"

उस्ताद पुन्हा टाकीकडेच वळला.

मग सूनबाईने त्याला सकाळची गंमत दाखवली. ती रोज उजाडलं की स्टूल टाकून टाकीसमोर बसे, तसा एके दिवशी हाही चहाचा कप घेऊन शेजारी बसला. टाकीवरचा दिवा हळूहळू उजळला. दुसऱ्या टोकाला झोपलेल्या बाईसाहेब सुटल्या आणि सावकाश, उभ्याच्या उभ्या, रावसाहेबांकडे निघाल्या. रावसाहेब गडद तपकिरी होते. त्या जवळ येताच ते उजळत गेले, आधी मुकुट, मग मान, मग पोट, आणि बघता बघता सोन्यासारखे पिवळे झाले. त्याही पिवळ्या झाल्या. दोघांनी शेपट्या गुंफल्या आणि त्याच एका पातीभोवती गोल गोल फिरायला लागले. मग एकत्र वर उठले, जवळजवळ पाण्याच्या टोकापर्यंत, पुन्हा खाली आले, आणि शेपट्या सोडून आपापल्या जागी गेले. परत उद्या.

"रोज?" उस्तादने विचारलं.

"रोज. एक सकाळ चुकवत नाहीत. चुकली तर समजायचं, काहीतरी बिनसलंय."

चहा निवून गेला होता. उस्ताद बायकोकडे बघत होता, आणि बायको म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? मी नाही पिवळी होणार." पण त्या दिवसापासून ती पण सकाळी तिथे यायला लागली, भाजी निवडायचं निमित्त करून.

उन्हाळ्यात सूनबाईला नोकरीच्या प्रशिक्षणासाठी दुसऱ्या गावी जावं लागलं. जाताना तिने सासऱ्याला सगळं समजावलं. तांदळाएवढी गोठवलेली कोळंबी वितळवून, थोडी थोडी, त्यांच्या तोंडासमोर सोडायची. उरलेली लगेच काढायची. मोरीतल्या पिंपात समुद्राचं मीठ मिसळलेलं पाणी तयार ठेवलंय, अडीनडीला तेच वापरायचं. "बाबा, अप्पांची एवढीच खूण राहिलीय माझ्याकडे," ती उंबऱ्यात म्हणाली. "तुम्ही आहात म्हणून जाते." उस्तादने छातीवर हात ठेवला. शपथ घेतल्यासारखाच.

आणि नेमका चिलर बंद पडला. उस्तादने उघडून पाहिला. आतली इलेक्ट्रॉनिक पट्टी जळली होती, आणि ती बाहेरगावाहून मागवावी लागणार होती. सूनबाईने फोनवर सांगितलं, "घाबरू नका. पट्टी येईपर्यंत प्लास्टिकच्या बाटल्यांत पाणी गोठवा आणि त्या आळीपाळीने टाकीत तरंगत ठेवा. अप्पा तेच करायचे."

फोन ठेवला आणि उस्तादच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाटल्या? उस्तादच्या घरात गारवा बाटल्यांनी यायचा? लोक काय म्हणतील हा प्रश्न नव्हता, लोकांना कळणारही नव्हतं. त्याला स्वतःलाच ते सोसवेना. त्याने दुकानातून एका जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर आणला, तांब्याची नवीकोरी नळी आणली, ती वळवून वळवून सुरेख गुंडाळी केली, सांधे असे झाळले की नख फिरवलं तरी लागू नये. गॅस भरला. ही गुंडाळी, म्हणजे कॉइल, घासून पुसून लख्ख केली आणि टाकीच्या कोपऱ्यात सोडली. संध्याकाळपर्यंत पाणी अठरावर आलं आणि तिथून हललं नाही.

"सांगितलंत का तिला?" बायकोने विचारलं.

"आल्यावर बघेलच की," उस्ताद म्हणाला. तोंडावर हसू मावत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तर कहरच झाला. रावसाहेबांनी आपली जुनी पाती सोडली आणि शेपटी थेट कॉइलला गुंडाळली. इतकी वर्षं धरलेलं गवत सोडून! उस्तादच्या अंगावर मूठभर मांस चढलं. तो स्टूलवर बसून बघतच राहिला. तांब्याच्या लखलखीत वेढ्यांवर शेपटीचे वेढे, आणि वर तो मुकुट. आपण केलेल्या एखाद्या वस्तूला असा मान आयुष्यात मिळाला नव्हता, असं त्याला मनापासून वाटलं. गिऱ्हाईक पैसे देतं आणि विसरतं. हा जीव तर धरून बसला होता.

त्यानंतरच्या सकाळी दिवा उजळला, पण बाईसाहेब निघाल्या नाहीत. आपल्या टोकाला, अंग आक्रसून बसून राहिल्या. काचेवरचं शेवाळ खायला ठेवलेल्या गोगलगायी वाळूत गळून पडल्या होत्या, एकूण एक. सफाईसाठी ठेवलेला झिंगा पांढरा पडून उलटा झाला होता. रावसाहेब कॉइललाच होते. रंग काळवंडला होता आणि गालफडं धापा टाकल्यासारखी हलत होती. कॉइलचा लखलखाट गेला होता, सांध्यांपाशी बारीक हिरवी छटा धरली होती.

उस्ताद वाकून सांध्यांकडे बघायला लागला. गंजाचा रंग त्याच्याइतका कुणाला माहीत? तांबं पाण्यात उतरत होतं. आयुष्यभर ज्या धातूने त्याला कधी दगा दिला नाही, तोच आता टाकीभर पसरला होता, आणि टाकीत तो त्याने आपल्या हाताने, घासून पुसून, सोडला होता.

मुलगा दात घासत आला, बघून थबकला. हे चिरंजीव स्वभावाने वाईट नाहीत, पण बायकोच्या रागाला भितात. "बाबा, तिला नका सांगू," तो कुजबुजला. "मोठ्या दुकानात असे मिळतात. जोडी आणून सोडू. घोडा तो घोडा, तिला कुठे ओळखू येणार?"

खोटं कशाला सांगा, क्षणभर उस्तादच्या मनात ते आलं. अगदी आलं. पण त्याने परत टाकीत पाहिलं. रावसाहेबांच्या मुकुटाचा डावीकडचा काटा जरा आखूड होता. बाईसाहेबांच्या मानेवर तिळासारखे ठिपके होते. त्यालाच शंभरात ओळखू आले असते हे दोघे, मग जी रोज यांच्यासमोर बसते तिला? आणि नसते ओळखू आले तरी रोज सकाळी तिच्या शेजारी तो कुठल्या तोंडाने बसणार होता?

"फोन दे," तो म्हणाला.

सूनबाईने पहिल्याच घंटेला उचलला. उस्तादने एका दमात सगळं सांगितलं. तिने एकच विचारलं.

"कॉइल कशाची आहे?"

"तांब्याची."

मग तिचा आवाज आला, अगदी सपाट. "बाबा, समुद्राच्या पाण्यात तांबं विष आहे. ती बाहेर काढा. आत्ताच्या आत्ता."

"रावसाहेब तिलाच धरून बसलेत गं."

"ओढायचं नाही. शेपूट तुटेल, पण सोडणार नाहीत ते. दुसरं काहीतरी धरायला द्या, हळूहळू सोडतील. मग दोघांना पिंपातल्या पाण्यात हलवा. आधी ते पाणी बाटल्यांनी गार करा. त्यांना हवा लागू देऊ नका, पाण्यासकट उचला. मी निघते."

घरात एकच धावपळ उडाली. चिरंजीवांनी मोठी बादली धुऊन पिंपातल्या पाण्याने भरली. बायकोने फ्रीझरमधल्या सगळ्या बाटल्या काढल्या, त्या तिने उस्तादला न सांगता पहिल्याच दिवशी भरून ठेवल्या होत्या. "असू दे म्हटलं," एवढंच बोलली. एरवी तिने या एका वाक्यावर आठवडा काढला असता.

उस्तादने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. रावसाहेबांच्या शेपटीपाशी प्लास्टिकची काडी धरली. ढुंकून पाहिलं नाही. गवताची त्यांचीच जुनी पाती धरली. नाही. चमच्याचा दांडा धरला, बायकोची विणायची सुई धरली. रावसाहेब धापा टाकत तांब्यालाच बिलगून. "सोडा हो, सोडा," उस्ताद काचेशी तोंड नेऊन पुटपुटत होता, "मेहेरबानी करा, सोडा." सुई बाजूला करताना त्याची करंगळी कॉइलला टेकली आणि तशीच राहिली, कारण आता काय करावं हेच त्याला सुचेना.

शेपटीचं टोक सैल झालं. ते करंगळीला लागलं, थांबलं, चाचपलं. मग एक वेढा कॉइलवरून सुटला आणि बोटाला बसला. मग दुसरा. तिसऱ्या वेढ्यासरशी रावसाहेबांनी तांबं सोडलं आणि अख्खे त्याच्या करंगळीवर आले.

केवढीशी ती पकड! दोऱ्याने बोट बांधावं तेवढी. पण त्या दोऱ्याच्या टोकाला कुणीतरी होतं, आणि ते कुणीतरी ठरवून धरत होतं. रेंच पकडून पकडून निबर झालेल्या त्या बोटाला शेपटीचं कडं न् कडं वेगळं कळत होतं. उस्तादच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि पुसायला दुसरा हात मोकळा नव्हता, त्यात पाणी उचलायचा प्लास्टिकचा मग होता.

पाणी भरलेल्या त्या मगातूनच रावसाहेबांसकट हात बादलीत गेला. बाईसाहेबांनाही चिरंजीवांनी दुसऱ्या मगातून अलगद आणलं. कॉइल बाहेर फेकली गेली. पण रावसाहेब काही बोट सोडेनात, आणि उस्ताद काही ते सोडवेना. तो जमिनीवर फतकल मारून बसला, हात बादलीत. बायको बाटल्या बदलत होती. दुकानाचा फोन आला, कुठल्याशा बेकरीचा फ्रीझर बंद पडलाय, मालक रडकुंडीला आलाय. "सांग त्याला," उस्ताद मुलाला म्हणाला, "उस्ताद घोड्यावर आहे." मग स्वतःच म्हणाला, "घोडा उस्तादवर आहे." बायको इतक्या काळजीतही खुदकन हसली आणि तिने त्याला बशीतून चहा पाजला.

हात आधी गारठला, मग दुखला, मग जाणवेनासा झाला. दुपार कलली. आता गालफडं जरा सावकाश हलत होती, की त्याला तसं वाटत होतं? बाईसाहेबांना धरायला काहीच नव्हतं. त्या बादलीच्या तळाशी इकडून तिकडे भरकटत होत्या, काळ्याठिक्कर. उस्ताद त्यांच्याकडे बघत होता आणि मनातल्या मनात माफी मागत होता.

जिन्यावर पावलं वाजली. सूनबाई धावत आत आली, खांद्यावरची पिशवी तशीच. तिने तोंड उघडलं, आणि उस्तादने दुसऱ्या हाताने तिला थांबवलं. कारण बाईसाहेब वर यायला लागल्या होत्या.

उभ्याच्या उभ्या, सावकाश. हाताच्या अगदी जवळ येऊन त्या थांबल्या. मानेवर उजेड पडल्यासारखा एक पिवळा पट्टा उमटला. रावसाहेब थरथरले. मुकुट उजळला, मान उजळली, पोट उजळलं. बाईसाहेबांनी शेपटी पुढे केली आणि ती शेजारच्या बोटाला घातली. आणि त्या जुनाट प्लास्टिकच्या बादलीत, बर्फाच्या बाटल्यांच्या गर्दीत, ते दोघे उस्तादच्या बोटांभोवती झुलायला लागले, पिवळेधमक, जणू सकाळच झाली होती. घरात कुणी हललं नाही. उस्तादला आपला हात आपला वाटेना. त्याने समुद्रात कधी बोटसुद्धा बुडवलं नव्हतं, आणि आता समुद्रच त्याच्या बोटांना धरून नाचत होता.

सूनबाई गुडघ्यांवर बसली. ती कितीतरी वेळ त्यांचा श्वास बघत राहिली. "जगतील," ती म्हणाली. "श्वास स्थिरावलाय. जगतील."

"चूक माझी," उस्ताद म्हणाला. "तू बाटल्या सांगितल्या होत्यास. मला कमीपणा वाटला. तुझ्या अप्पांची खूण मी माझ्या मिजाशीपायी मारत होतो, पोरी."

तिने मान हलवली. रागावली होती, ते दिसत होतं. "मारत होतात," ती म्हणाली. मग बाही सारून तिने आपला हात पाण्यात घातला, त्याच्या हाताशेजारी, म्हणजे त्याला सुटता यावं. आपलं बोट रावसाहेबांच्या शेपटीला टेकवलं. रावसाहेबांनी एक डोळा तिच्याकडे फिरवला. पकड तिळभर ढिली केली नाही.

सूनबाईचा चेहरा एकदम बदलला.

"अप्पा रोज टाकीत हात घालायचे," ती म्हणाली. "रोज सकाळी, वर्षानुवर्षं. बाही भिजायची, आई ओरडायची. म्हणायचे, एकदा तरी हातावर येतील. एकदाही आले नाहीत, बाबा. कधीच नाही."

उस्तादला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याने जन्मभर वाट पाहिली त्याला नाही, आणि ज्याने विष घातलं त्याच्या हातात हे. "मग माझ्याकडे कशाला आले?" तो म्हणाला. "मी काय केलंय यांच्यासाठी? घे गं, तू घे. मी हात काढतो."

"काढू नका," सूनबाई म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. तिने बादलीच्या कडेवर हनुवटी टेकवली. "असाच ठेवा हात. अप्पांना बघायचं होतं ते मला बघू द्या."